शिल्लक किती, वाटा कोणाचा? हवामान वाटाघाटींतील देवनारच्या हिशेबाचा इतिहास

१/
आष्टी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला १६ ऑगस्ट १९४२ मुळे ठाऊक असते. वर्धा जिल्ह्यातील या गावाने 'चले जाव' आंदोलनात आपली माणसे गमावली आणि 'शहीद' हा शब्द गावाच्या नावाला कायमचा जोडला गेला. आज त्याच आष्टीच्या शिवारात कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा आहेत. बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. हवामान बिघडले की त्याची झळ अशा शिवाराला आधी लागते. मग हवामान बिघडवण्यात या शिवाराचा वाटा किती?

२/
हा प्रश्न भावनेचा वाटतो, परंतु त्याला आकड्यांत उत्तर आहे. ते उत्तर काढून जागतिक वाटाघाटींच्या मेजापर्यंत नेण्याच्या कामात मुंबईतील एका विद्यापीठाचा मोठा वाटा होता. हे विद्यापीठ अभियांत्रिकीचे नव्हते, हवामानशास्त्राचेही नव्हते. समाजकार्य शिकवण्यासाठी जन्मलेली ती संस्था होती. तिचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजेच 'टिस'. तिच्या हिशेबाचा हा इतिहास. #थ्रेड

३/
१९३६ साली मुंबईच्या नागपाडा भागात 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गिरणगाव, झोपडपट्टी, कारागृह, भूकंपग्रस्त गाव ही तिच्या अभ्यासाची क्षेत्रे. १९८६ मध्ये तुळजापूरला तिचा ग्रामीण परिसर उभा राहिला.

४/
विदर्भाशी या संस्थेचा संबंध एका दुःखद प्रकरणातून आला. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा शोध घेणारा 'टिस'च्या तुळजापूर परिसराचा अहवाल मार्च २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सादर झाला. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते जिल्हे. जागतिक तापमानवाढीच्या चर्चेत उतरणाऱ्या संस्थेची पार्श्वभूमी अशी होती. तिच्या दृष्टीने 'विकास' हा शब्द कर्ज, विहीर आणि वीजजोडणी यांच्याशी बांधलेला होता.

५/
पुढील हिशेब समजण्यासाठी दोन कल्पना लागतात: 'शिल्लक' आणि 'वाटा'. दोन्ही कल्पनांची मुळे महाराष्ट्राच्या मातीत सापडतात.

पहिली कल्पना वर्ध्याची. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गातील संपत्तीचे दोन प्रकार सांगितले. कोळसा आणि पेट्रोलियम हा मोजका साठा. वाहते पाणी आणि वाढते वन हा सतत भरून येणारा ओघ. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था टिकाऊ नसते, असे त्यांचे सांगणे होते. गांधीजींची प्रस्तावना लाभलेला त्यांचा 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हा ग्रंथ १९४५ चा आहे.

६/
दुसरी कल्पना पुरंदर तालुक्याची. १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी नायगाव परिसरात 'पाणी पंचायत' उभी केली. तिचा नियम साधा होता: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क होता आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, अशी अट होती. ज्याची जमीन मोठी त्याचा पाण्यावरील हक्क मोठा, हे गृहीतक येथे मोडले. जागतिक वाटाघाटींत 'दरडोई' या शब्दाभोवती तीन दशके जो वाद चालला, त्याचे बीज या नियमात दिसते.

७/
आता जगाकडे वळू. १९८८ मध्ये हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाची, म्हणजे 'आयपीसीसी'ची स्थापना झाली. डिसेंबर १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने करार घडवण्यासाठी वाटाघाटी समिती नेमली. तापमान वाढते आहे, हे हळूहळू मान्य होत होते. खरा वाद वेगळा होता: जबाबदार कोण, आणि कपात कोणी करायची?

८/
१९९० मध्ये वॉशिंग्टनच्या एका प्रतिष्ठित संशोधन संस्थेने देशांची यादी प्रसिद्ध केली. तीत भारत आणि चीन मोठ्या उत्सर्जकांमध्ये होते. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'चे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये तिला प्रत्युत्तर दिले. समुद्र आणि जंगले जो वायू शोषून घेतात, ती क्षमता सर्व मानवजातीची आहे. ती लोकसंख्येप्रमाणे वाटली, तर भारताच्या नावावर 'जादा' उत्सर्जन उरतच नाही. भातशेतीतून निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारींतून निघणारा धूर एका तराजूत तोलता येणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

९/
त्याच वर्षी मुंबईतील गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत ज्योती पारीख, किरीट पारीख, सुबीर गोकर्ण आणि सहकाऱ्यांनी उपभोगाचा अभ्यास सिद्ध केला. रिओ परिषदेच्या तयारीसाठी झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पर्यावरणावरील ताणाचे मुख्य कारण लोकसंख्येपेक्षा श्रीमंत जगाच्या उपभोगात आहे. वाटाघाटींसाठी मुंबईत आकडेमोड करण्याची परंपरा 'टिस'च्या आधीपासून होती, ती अशी.

१०/
वाटाघाटींत राजदूत चंद्रशेखर दासगुप्ता भारताची बाजू मांडत होते. सर्व देशांचे दरडोई उत्सर्जन कालांतराने एका समान पातळीवर यावे, ही भारताची मांडणी होती. ती जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. परंतु ९ मे १९९२ रोजी संमत झालेल्या आराखडा करारात काही मोलाचे शब्द उतरले. आजवरच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा विकसित देशांचा आहे आणि विकसनशील देशांचे दरडोई उत्सर्जन तुलनेने कमी आहे, हे प्रस्तावनेत नोंदले गेले. तिसऱ्या कलमात 'समन्याय' आणि 'सामाईक पण विभेदित जबाबदाऱ्या' ही तत्त्वे आली.

११/
तत्त्व लिहिले गेले, प्रमाण लिहिले गेले नाही. विभेदित म्हणजे किती विभेदित? समन्याय कोणत्या मापाने मोजायचा? करार याविषयी गप्प होता. १९९७ मध्ये, क्योटोच्या आधी, ब्राझीलने एक सूत्र सुचवले: आजवरच्या उत्सर्जनामुळे तापमान जेवढे वाढले, त्यातील प्रत्येक देशाचा वाटा काढून त्या प्रमाणात जबाबदारी ठरवावी. त्या प्रस्तावावर पुढे तांत्रिक चर्चा पुष्कळ झाली, परंतु क्योटोच्या करारात त्याचे सूत्र उतरले नाही. तेथील उद्दिष्टे सौद्यातून ठरली.

१२/
या सगळ्यात विद्यापीठाला जागा कुठे असते? वाटाघाटी देशांमध्ये होतात. मसुद्यातील वादग्रस्त शब्द चौकोनी कंसात ठेवले जातात आणि एकमत झाले की कंस उघडतात. विद्यापीठाला कंस उघडण्याचा अधिकार नसतो. त्याच्यासाठी तीन वाटा उरतात. पहिली, संशोधन संस्थांच्या निरीक्षक गटातून परिषदेत येणे. या गटाला २००३ मध्ये मान्यता मिळाली. दुसरी, 'आयपीसीसी'ने दखल घ्यावी असे शोधनिबंध लिहिणे. तिसरी, वाटाघाटी करणाऱ्याच्या हाती हिशेब देणे. 'टिस'चे नाव प्रामुख्याने तिसऱ्या वाटेने पुढे आले.

१३/
२००९ हे वर्ष निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले: एक माइल्स अॅलन आणि सहकाऱ्यांचा, दुसरा माल्टे माइन्सहाउझेन आणि सहकाऱ्यांचा. दोन्हींचा आशय एका वाक्यात सांगता येतो. तापमान किती वाढेल हे मुख्यतः आजवर एकूण किती कार्बन डायऑक्साइड सोडला, यावर ठरते. एखाद्या वर्षीच्या उत्सर्जनापेक्षा सगळ्या वर्षांची बेरीज महत्त्वाची.

१४/
या निष्कर्षामुळे वातावरणाचा प्रश्न कुमारप्पांच्या 'साठ्या'सारखा झाला. माइन्सहाउझेन यांच्या हिशेबानुसार, तापमानवाढ २ अंशांखाली राहण्याची ७५ टक्के शक्यता हवी असेल, तर २००० ते २०५० या अर्ध्या शतकात जगाने सुमारे १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडावा. त्यापैकी २३४ अब्ज टन २००६ पर्यंतच सोडून झाला होता. पन्नास वर्षांच्या शिधेतील जवळजवळ चतुर्थांश पहिल्या सात वर्षांत संपला होता.

१५/
याच काळात राजकारण वेगाने धावत होते. जुलै २००९ मध्ये इटलीतील लाक्विला येथे मोठ्या अर्थव्यवस्थांच्या बैठकीत २ अंशांची मर्यादा मान्य करणाऱ्या निवेदनावर भारतानेही संमती दिली. देशात त्यावर टीका झाली. टीकेचे मर्म असे: मर्यादा मान्य करणे म्हणजे शिल्लक मोजकी आहे हे मान्य करणे. शिल्लक मान्य केली आणि वाटे ठरवले नाहीत, तर जो आधीपासून भरभरून घेतो आहे त्याचेच फावते.

१६/
देवनारमध्ये नेमक्या याच प्रश्नावर काम चालू होते. टी. जयरामन हे मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेतून ते 'टिस'मध्ये आले होते. त्यांच्यासोबत तेजल कानिटकर आणि मारिओ डिसूझा हे संशोधक होते. दिल्ली सायन्स फोरमचे प्रबीर पुरकायस्थ, डी. रघुनंदन हेही या कामात सहभागी झाले. ऑक्टोबर २०१० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या गटाचा निबंध आला. आपल्याकडे 'कार्बन अवकाश' किती आहे, हा त्याचा प्रश्न होता.

१७/
पद्धत अशी. आधी एकूण अंदाजपत्रक ठरवायचे: तापमानाची मर्यादा पाळायची तर जगाला आरंभापासून अखेरपर्यंत एकूण किती कार्बन सोडता येईल? मग ते लोकसंख्येच्या प्रमाणात देशांना वाटायचे. हा प्रत्येक देशाचा न्याय्य वाटा. त्यातून त्या देशाने आजवर सोडलेला कार्बन वजा करायचा. उरते ती शिल्लक. काहींची शिल्लक धन येते, काहींची ऋण. पाणी पंचायतीचा नियम आकाशाला लावावा, तसा हा हिशेब आहे.

१८/
बेरीज सोपी, वाद मात्र पहिल्याच ओळीपासून सुरू होतो. हिशेब कोणत्या वर्षापासून धरायचा? १८५० पासून धरला तर कारखानदारीचा सगळा इतिहास खात्यात येतो. १९७० किंवा १९९० पासून धरला तर वसाहतींच्या काळातील कोळसा माफ होतो. पूर्वजांनी अजाणता केलेल्या उत्सर्जनाचे ओझे आजच्या पिढीवर का, असा युरोप-अमेरिकेचा प्रश्न असे. त्यावर उत्तर असे होते, की त्या कोळशातून उभे राहिलेले रस्ते, रेल्वे आणि भांडवल आजची पिढी वापरतेच आहे. वारसा घ्यायचा तर देणेही घ्यावे लागते.

१९/
प्रमाण लक्षात यावे म्हणून ढोबळ आकडे पाहावेत. जगाच्या लोकसंख्येत अमेरिकेचा हिस्सा सुमारे ४ टक्के. इंधन जाळून आजवर झालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात तिचा वाटा सुमारे चतुर्थांश. लोकसंख्येत भारताचा हिस्सा सुमारे १७ टक्के. आजवरच्या उत्सर्जनात त्याचा वाटा सुमारे ४ टक्के. आष्टीच्या शिवाराने विचारलेल्या प्रश्नाचे पहिले उत्तर या दोन ओळींत आहे.

२०/
येथवरचा हिशेब भारत सरकारला आवडण्यासारखाच होता. परंतु देवनारच्या गटाने पुढची, कटू ओळही लिहिली. विकसित देशांनी आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी अधिक आधीच वापरले आहे. त्यांनी उद्यापासून कठोर कपात केली, तरी वापरलेला अवकाश परत येत नाही. म्हणून भारताचा कागदावरचा न्याय्य वाटा आणि त्याला प्रत्यक्ष मिळू शकणारा अवकाश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हक्क मोठा आहे, कोठारातील धान्य कमी आहे.

२१/
याचा अर्थ गंभीर होता. 'आमचे दरडोई उत्सर्जन कमी आहे, म्हणून आम्हाला काही करण्याची गरज नाही' हे समर्थन या गणितात टिकत नव्हते. भौतिक मर्यादा भारतालाही लागू होती आणि उशिरा विकसित होणाऱ्याला ऊर्जेची वाट आरंभापासूनच जपून निवडावी लागणार होती. त्याचबरोबर, ज्यांच्यामुळे हा अवकाश आक्रसला त्यांच्याकडून तंत्रज्ञान आणि निधी मागणे हा याचनेचा भाग न राहता थकबाकीच्या वसुलीचा भाग ठरत होता. आपल्याच बाजूला न रुचणारी ओळ लिहिण्यात विद्यापीठाचे वेगळेपण होते.

२२/
डिसेंबर २००९, कोपनहेगन. परिषदेच्या काही दिवस आधी बीजिंगमध्ये ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत आणि चीन यांचा 'बेसिक' गट तयार झाला होता. शेवटच्या बैठकीत दोन आकडे मसुद्यात घालण्याचा आग्रह झाला: २०५० पर्यंत जगाची कपात ५० टक्के, विकसित देशांची ८० टक्के. ऐकायला हे उदार वाटते. पण वजाबाकी करून पाहिली की उरलेल्या कपातीचा भार, एक शब्दही न लिहिता, विकसनशील देशांवर पडतो. हे आकडे अंतिम मसुद्यातून निघाले.

२३/
१८ डिसेंबरच्या संध्याकाळी मनमोहन सिंग, वेन जियाबाओ, लुला आणि जेकब झुमा यांची बैठक चालू असताना बराक ओबामा तेथे येऊन दाखल झाले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यातून कोपनहेगनचा समझोता निघाला. २ अंशांची मर्यादा त्यात आली, वाटपाचे सूत्र आले नाही. लाक्विलाच्या वेळी वाटलेली भीती खरी ठरत होती. आता 'बेसिक' देशांना एकत्र बसून विचारावे लागले: समन्यायाचे माप आपण तरी सुचवू शकतो का?

२४/
२८ आणि २९ जून २०१० रोजी 'टिस'मध्ये जागतिक कार्बन अंदाजपत्रक आणि समन्याय या विषयावर परिषद भरली. मोजक्या कार्बनच्या जगात वाटणी कशी करावी, याचा देवनारच्या गटाने तयार केलेला मसुदा चर्चेसाठी होता. वाटपाची कल्पना एकट्या भारताची नव्हती. जर्मन सरकारच्या सल्लागार मंडळाने २००९ मध्येच दरडोई अंदाजपत्रकाची मांडणी केली होती आणि चिनी अभ्यासकांचीही स्वतंत्र मांडणी होती. वेगवेगळ्या राजधान्यांतील लोक एकाच बेरजेकडे येत होते.

२५/
त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेक्सिकोतील कानकुन येथे परिषद झाली. जयराम रमेश तेव्हा भारताचे पर्यावरणमंत्री होते. 'कार्बन अवकाशाचे वाटप' हा शब्दप्रयोग श्रीमंत देशांना मान्य होणे अशक्य होते. त्याऐवजी 'शाश्वत विकासाची समन्यायी संधी' हा शब्दसमूह कानकुनच्या निर्णयात आला. वाटाघाटींची भाषा अशीच घडते. हिशेबातील टोक बोथट होते आणि सर्वांना आपापला अर्थ काढता येईल असा शब्द उरतो. तरीही दार किलकिले झाले होते, कारण आता त्या शब्दाचा अर्थ सांगणे भाग होते.

२६/
अर्थ सांगण्याचे काम चार देशांच्या तज्ज्ञांनी अंगावर घेतले. २०११ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील दर्बान परिषदेच्या वेळी त्यांचा संयुक्त अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर चार शहरांची नावे होती: बीजिंग, ब्राझिलिया, केपटाउन आणि मुंबई. केपटाउनकडून तेथील विद्यापीठाचे हॅराल्ड विंकलर, मुंबईकडून 'टिस'चे जयरामन, कानिटकर आणि डिसूझा. नागपाड्यात समाजकार्याचे वर्ग भरवणारी संस्था पंचाहत्तर वर्षांनी या ठिकाणी पोहोचली होती.

२७/
या अहवालाचे मोल त्याच्या प्रामाणिकपणात आहे. चार मित्रदेशांच्या तज्ज्ञांनी एकच सूत्र जगापुढे ठेवल्याचा देखावा केला नाही. समन्यायाची गरज सर्वांना मान्य होती, पण मोजण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी होती. मुंबईचा भर दरडोई अंदाजपत्रकावर, तर केपटाउनच्या मांडणीत जबाबदारीबरोबर देशाची आर्थिक कुवत आणि विकासाची गरजही धरलेली. कारण उघड आहे. कोळशावर चालणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचे दरडोई उत्सर्जन भारताच्या कितीतरी पट. शुद्ध दरडोई वाटपात तिची शिल्लक पटकन संपते. न्यायाचे सूत्र निवडताना प्रत्येक जण स्वतःची खातेवही पाहतो.

२८/
दर्बानमध्ये पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी समन्यायाचा मुद्दा लावून धरला. 'शाश्वत विकासाची समन्यायी संधी' हा विषय कार्यसूचीवर यावा, ही मागणी भारताने आधीच केली होती. परिषद ठरलेल्या वेळेपेक्षा दीड दिवस लांबली. ११ डिसेंबर २०११ च्या पहाटे युरोपीय संघाच्या कोनी हेडेगार्ड आणि नटराजन यांच्यात सभागृहातच उभ्याने बोलणी होऊन शब्द ठरले. नवा करार 'सर्व देशांना लागू' होणार होता. त्या निर्णयात 'समन्याय' हा शब्द नव्हता.

२९/
मे २०१२ मध्ये जर्मनीतील बॉन येथे या विषयावर अधिकृत कार्यशाळा झाली. २०१३ मध्ये देवनारच्या गटाचे गणिती प्रारूप 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी 'आयपीसीसी'ने आपल्या अहवालात एकूण उत्सर्जन आणि तापमान यांचे नाते ठळकपणे मांडले. विज्ञानाचा आधार पक्का होत गेला. राजकारण मात्र उलट दिशेने चालले होते. २०१३ मध्येच वॉर्सात ब्राझीलने ऐतिहासिक जबाबदारी मोजण्याची पद्धत 'आयपीसीसी'कडून तयार करून घेण्याची सूचना केली, ती मान्य झाली नाही.

३०/
१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस करार झाला. प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवून सांगायचे, अशी त्याची रचना आहे. वरून वाटप नाही, सामाईक सूत्र नाही. करार सर्वांना स्वीकारता आला तो यामुळेच, आणि वाट्यांचा प्रश्न अनुत्तरित राहिला तोही यामुळेच. देवनारच्या दृष्टीने पाहिले तर कोठाराचे दार उघडे ठेवून प्रत्येकाला 'स्वतःच्या विवेकाने घ्या' असे सांगण्यात आले होते.

३१/
हिशेबावर आक्षेपही होते आणि ते लक्षात घेण्याजोगे आहेत. सर्वांत बोचरा आक्षेप देशातूनच आला. २००७ मध्ये 'ग्रीनपीस इंडिया'ने दाखवले, की भारताची कमी सरासरी ही गरिबांच्या कमी वापरामुळे येते आणि त्या सरासरीच्या आड श्रीमंत भारतीय लपतो. मुंबईतील वातानुकूलित बंगला आणि आष्टीतील कौलारू घर यांची सरासरी काढून जगाकडे वाटा मागायचा असेल, तर मिळालेला वाटा आधी कोणाच्या घरी जाणार, हे सांगण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. देशादेशांतील न्यायाचे सूत्र देशाच्या सीमेवर थांबत नाही.

३२/
काळ पुढे गेला. जयरामन चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात गेले, कानिटकर बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत. प्रश्न त्यांच्यासोबत गेला. 'आयपीसीसी'च्या सहाव्या अहवालासाठी जगभरातील प्रारूपांनी रचलेल्या पाचशेहून अधिक भविष्यचित्रांची त्यांनी सहकाऱ्यांसह छाननी केली. २०५० च्या चित्रातही दक्षिण आशिया आणि आफ्रिका उत्पन्नात व ऊर्जेच्या वापरात मागेच ठेवलेले आढळले. भविष्याच्या गणितातच विषमता गृहीत धरलेली होती.

३३/
त्याच अहवालाच्या २०२१ मध्ये आलेल्या पहिल्या भागाने शिलकेचा आकडा स्पष्ट केला. १८५० ते २०१९ या काळात मानवाने सुमारे २,३९० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची ५० टक्के शक्यता हवी असेल, तर २०२० पासून पुढे सुमारे ५०० अब्ज टन उरले होते. म्हणजे एकूण कोठारातील चार पंचमांशांहून अधिक आधीच उचलले गेले.

३४/
आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत एक महत्त्वाची नोंद झाली. पॅरिस कराराच्या पहिल्या जागतिक आढाव्याच्या निर्णयात सर्व देशांनी मान्य केले, की उरलेले कार्बन अंदाजपत्रक छोटे आहे, वेगाने संपते आहे आणि १.५ अंशांसाठीच्या एकूण अंदाजपत्रकापैकी सुमारे चार पंचमांश आजवरच्या उत्सर्जनाने व्यापले आहे. २०१० मध्ये देवनारच्या सभागृहात ज्या कल्पनेवर चर्चा झाली, ती तेरा वर्षांनी जागतिक निर्णयाच्या परिच्छेदात आली. श्रेय कोणा एका संस्थेचे नाही. अनेक देशांच्या वाटाघाटीकारांनी आणि वैज्ञानिकांनी ती वाट घडवली.

३५/
तरी त्या परिच्छेदात अर्धाच हिशेब आहे. शिल्लक लिहिली गेली, वाटा लिहिला गेला नाही. चार पंचमांश संपले हे सर्वांनी मान्य केले; ते कोणी संपवले, याचे कोष्टक जोडलेले नाही. कुमारप्पांची अर्धी गोष्ट जगाने ऐकली, साळुंख्यांची अर्धी अजून बाकी आहे.

३६/
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून घ्यावे असे एक सूत्र आहे. आंतरराष्ट्रीय करारांचा इतिहास नेत्यांच्या छायाचित्रांतून लिहिला जातो. पण वाटाघाटीत 'हे न्याय्य नाही' असे म्हणणाऱ्याला 'किती अन्याय्य?' असा प्रतिप्रश्न होतो, तेव्हा आकडा हाताशी असावा लागतो. तो आकडा कोणीतरी आधी, कॅमेऱ्यापासून दूर बसून, आपल्या पक्षाच्या सोयीपलीकडे जाऊन काढलेला असतो. विद्यापीठाचे काम ते.

३७/
आष्टीच्या शिवारात यंदाही पेरणी पावसाकडे पाहून होते. त्या शेतकऱ्याच्या वाट्याचा कार्बन त्याने कधी वापरलाच नाही. तो त्याच्या जन्माआधी दुसरीकडे जळून गेला. त्याच्या नावावर जमा असलेला हा वाटा कोणत्याही बँकेत दिसत नाही. तो कागदावर मांडता येतो, एवढे मात्र देवनारच्या हिशेबाने दाखवून दिले. वसुलीचा अध्याय अजून लिहिला जायचा आहे.

(समाप्त)